पेटीपर्यंतची वाट

१

पेटी उघडली तेव्हा वरवर नेहमीचंच भंगार निघालं. भाजीच्या सुऱ्या, गंजून लाल झालेला एक चाकू, कुणीतरी घासून टोक काढलेला स्क्रू ड्रायव्हर. हवालदार एकेक वस्तू उचलून ग्रंथालयाच्या टेबलावर मांडत होता. लोणी लावायची एक बोथट सुरी हाती लागली, तेव्हा त्यानं ती उजेडात धरून पाहिली.

"बाई, ह्यानं कुणाला मारायचं तर आधी त्याला विचारावं लागेल, जरा वेळ आहे का म्हणून."

फौजदारबाई हसल्या नाहीत. शाळकरी पोरगा गोली जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि त्या आठवड्यात त्यांना धड झोप लागली नव्हती. ग्रंथपाल शेजारी उभे होते, चष्मा पुसत. तेवढ्यात हवालदाराचा हात पेटीत थबकला.

"हे काय?"

निळ्या चौकटीच्या कापडात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी होतं. कापड वाळून पापडासारखं कडक झालं होतं आणि निळ्याचं तपकिरी झालं होतं. हवालदारानं ते अलगद टेबलावर ठेवलं. एका टोकाला मनगटाची पट्टी दिसत होती. बटण अजून लावलेलं होतं. शर्टाची बाही होती ती.

ग्रंथपालांनी चष्मा चढवून वाकून पाहिलं. ह्याच चौकटीचा शर्ट त्यांनी पाहिला होता. ग्रंथालयाच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी गोली त्यांना सापडला, तेव्हा तो शर्ट त्याच्या मांडीला आवळून बांधलेला होता. शर्टाला एकच बाही होती. दुसरीसाठी पोलिसांनी आजूबाजूची गटारंसुद्धा उपसली होती.

बाईंनी हातमोजे घालून कापड उलगडलं. आत सुरा होता. लांब, अरुंद पात्याचा. मुठीवर मरून रंगाचं रेक्झिन चढवलेलं, कडेनं बारीक दुहेरी टाका.

"शर्ट त्या मुक्या पोराचा, बाही मुक्याची," हवालदार म्हणाला. "म्हणजे सुराही त्यानंच टाकला. संपलं की बाई! लोक म्हणत होते तेच खरं."

बाई पेटीवरच्या पाटीकडे बघत होत्या. 'इथं टाका. कोणी काही विचारणार नाही.' लोकांनी हत्यारं गुपचूप आणून टाकावीत म्हणून ते शब्द त्यांनीच लिहून दिले होते.

"हवालदार," त्या हळूच म्हणाल्या, "ज्याला भोसकलं, त्याचीच मांडी बांधायला कोण स्वतःचा शर्ट फाडतं?"

२

गोली म्हणजे शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. सोळा वर्षांचा, उंच, कोपरं कायम खरचटलेली. आई लहानपणीच गेलेली. वडील सोफे बनवायचे, दुरुस्त करायचे. सगळा गाव त्यांना सोफेवाले म्हणूनच ओळखायचा. बापलेक दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायचे.

गोलीच्या आधी, बसथांब्यावर एका कॉलेजच्या पोराला कुणीतरी भोसकलं होतं. पोर वाचलं, मारणारे सापडले नाहीत, आणि गावाला धास्ती बसली ती बसलीच. दक्षता समिती निघाली. शाळा, मैदान, ग्रंथालय, सगळ्या फाटकांवर मोठी माणसं काठ्या घेऊन उभी राहू लागली आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोरांचे खिसे, दप्तरं झडती घेतल्यासारखी उपसू लागली. समितीच्या पुढं सोफेवाले. फौजदारबाईंना ही झडती पसंत नव्हती. तरी एकदा स्वतःचा पोरगा अंघोळीला गेला असताना त्यांनीही घरी त्याचं दप्तर उघडून पाहिलं होतं. तो दारात येऊन उभा राहिला, तसाच परत फिरला. ते त्यांना अजून खुपत होतं.

त्या संध्याकाळी ग्रंथालयाच्या फाटकावर सोफेवाले आणि समितीचे चारसहा जण होते. अंधार पडायला आला होता. आतून मुका, गोलीच्याच वयाचा पोरगा, धावत आला. अंगात शर्ट नाही, दोन्ही हात रक्तानं माखलेले. खरं तर तो मुका नव्हता, अडखळत बोलायचा; पण गावाला तेवढा धीर कुठला? लहानपणीच त्याला मुका करून टाकलं होतं. त्यानं तोंड उघडलं, काही शब्द फुटेना. कुणीतरी ओरडलं, "धरा!" मुका घाबरून रस्त्यानं पळाला. फाटकावरचे सगळे त्याच्यामागं. चौकात गाठून त्याला एवढं मारलं, की डोळा चार दिवस उघडला नाही.

ग्रंथपालांना गोली दिसला तो नंतर, खिडक्या लावताना. दवाखान्यात नेईतो श्वास होता. पुढं नाही.

उघड्या अंगानं पळणाऱ्या मुक्याची चित्रफीत दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या फोनवर. खाली एकच शब्द: खुनी. मुक्याची आई पाळणाघर चालवायची. लोकांनी आपापली मुलं एका सकाळीत काढून नेली. दारावर कुणी काळ्या रंगानं काय काय लिहून गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणे तो व्यसनी, कुणी म्हणे त्याची टोळी आहे. मुका सुधारगृहात भिंतीकडे तोंड करून बसला होता. एक अक्षर बोलला नव्हता.

"बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात," हवालदार म्हणाला. "पण निर्दोष असता तर बोलला नसता का?"

"त्याच्या आधी दुसऱ्या एकाला बोलतं करू," बाई म्हणाल्या. "गोलीचं भांडण झालं होतं ना कुणाशी?"

झालं होतं, संघाच्या कप्तानाशी. मैदानात सगळ्यांदेखत त्यानं गोलीला धक्का दिला होता, "भित्रा कुठला!" म्हणाला होता. बाईंनी त्याला मैदानाच्या पायरीवरच गाठलं. पोरगा बुटांच्या नाड्या सोडत, बांधत बसला.

"मॅडम, मी काही केलं नाही."

"ते मी विचारलंच नाही. भित्रा का म्हणालास?"

त्यानं नाडी पुन्हा ओढली.

"बरं, मी सांगते," बाईंनी अंदाजानं खडा टाकला. "त्याच्याजवळ सुरा होता."

पोरानं झटकन मान वर केली. डोळे भरून आले होते. "तुम्ही आता हे सगळ्यांना सांगणार. मग म्हणतील गोली पण तसलाच. त्यानं कुणाला बोटसुद्धा लावलं नसतं, मॅडम. माझ्या आईच्यान!"

"कुठं ठेवायचा?"

"ट्रॅकपँटच्या खिशात. तसाच, उघडा. मी म्हटलं, हे फेकून दे, नाहीतर संघात येऊ नकोस. तर म्हणाला, फेकला तर कुणा लहान पोराला सापडेल. मी नीट सोय लावतो म्हणाला."

"आणला कुठून होता?"

"ते नाही सांगितलं. मी लई विचारलं. नुसतं म्हणाला, ज्यानं दिला त्याला वाईट वाटेल."

३

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकच गोष्ट ठामपणे सांगितली होती. घाव एकच, उजव्या मांडीत, वरून खाली. मोठी रक्तवाहिनी तुटलेली.

"समोर उभा राहून मारणारा मांडीत वरून खाली कसा मारेल?" बाईंनी विचारलं होतं.

"तो तुमचा प्रांत," डॉक्टर म्हणाले होते. "पडलेला असेल. कुणी वर बसलं असेल."

आता चौकीत परत आल्यावर बाईंनी गोलीचे कपडे मागवले. हवालदार पिशवी घेऊन आला, नाक मुरडत.

"काय उपयोग बाई? दवाखान्यात कात्रीनं कापून काढलेत. चिंध्या आहेत नुसत्या."

"मोठा कागद पसर."

ट्रॅकपँटचे तुकडे वाळून घट्ट झाले होते. बाई एकेक तुकडा सरळ करून कागदावर लावू लागल्या. कमरेची पट्टी, गुडघा, पांढरी कड. घाईत चाललेल्या कात्रीची कड लांब आणि सरळ असते. ती ओळखू येत होती. हवालदार आधी नुसता बघत होता, मग त्यालाही राहवेना.

"हा इकडचा नाही, हा डाव्या पायाचा," म्हणत तोही वाकला.

उजव्या मांडीचा भाग पुरा जुळला. बाईंनी दिवा जवळ ओढला आणि घाव जिथं होता तिथं बोट ठेवलं. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"इथं छेद दाखव मला."

हवालदारानं पाहिलं. कापड उलटं करून पाहिलं. "नाही दिसत."

"कुणी बाहेरून सुरा मारला, तर आधी काय फाटेल?"

"पँट." त्यानं कापडाचा तो भाग पुन्हा चाचपला.

"पँट शाबूत आहे. आता खिसा उलटा कर."

खिशाचं पांढरं अस्तर रक्तानं काळं पडलं होतं. तळाशी, मांडीकडच्या बाजूला, बोटभर चीर होती. सरळ, स्वच्छ. हवालदारानं ती पाहिली आणि हात मागे घेतला.

"म्हणजे... खिशातूनच?"

"सुरा खिशातच होता. टोक खाली. त्याला कुणी मारलंच नाही, हवालदार."

"पण खिशातला सुरा आपोआप कसा घुसेल?"

बाईंनी टोपी उचलली. "ग्रंथालयाची मागची भिंत किती उंच आहे, बघून येऊ."

भिंत पुरुषभर उंच होती. पलीकडे अरुंद गल्ली. गल्लीच्या बाजूला विटांवर बुटांचे घासलेले ओरखडे होते, आणि आतल्या बाजूला, टाकीजवळ, मऊ मातीत दोन टाचा खोल रुतलेल्या. उंच पोरगं वरून उडी मारतं, गुडघे मोडून खाली बसतं, आणि खिशातलं पातं त्याच वेळी मांडीत जातं.

"पण भिंत चढायची गरजच काय?" हवालदार म्हणाला. "पुढचं फाटक सताड उघडं असतं."

मग त्याचं त्यालाच उमगलं. फाटकावर समिती होती. खिसे तपासत होती. ज्याला सुरा पेटीत टाकायचा होता, त्याला पेटीपर्यंत पोचायलाच वाट नव्हती. आणि त्या दिवशी फाटकावर पुढं कोण उभं होतं, हेही दोघांना ठाऊक होतं.

४

सुधारगृहातली खोली स्वच्छ होती, एक खाट आणि उंचावर एक खिडकी. मुका भिंतीकडे तोंड करून बसला होता. बाई खाली जमिनीवरच बसल्या. आधी दोनदा आल्या होत्या तेव्हा प्रश्नांवर प्रश्न टाकले होते आणि उत्तराची वाट न बघता पुढचा विचारला होता.

"आज मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगते. चुकलं तिथं थांबव मला."

तो हलला नाही.

"तू ग्रंथालयात मागच्या खिडकीशी बसला होतास. काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघतोस तर गोली. तू बाही फाडून दाबून धरलीस, ती पुरेना, मग अख्खा शर्ट काढून बांधलास. त्याआधी त्याच्या मांडीतला सुरा तू ओढून काढलास—"

मुक्याची मान जोरात हलली. नाही. तो वळला. सुजलेला डोळा आता अर्धा उघडत होता.

"मी न-न... नाही. त्-त्यानंच. घ-घाबरून."

"बरं. त्यानंच काढला. मग तुझ्या हातात दिला. पेटीत टाक म्हणाला."

मुका रडायला लागला. त्याचं रडणं मात्र कुठंही अडखळत नव्हतं. बाई थांबल्या. बाहेर कुणीतरी झाडत होतं, त्या खराट्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं बोलायला सुरुवात केली. एकेक शब्दाशी झुंजत, मधेच थांबून, पुन्हा मागं जाऊन, पण त्यानं सगळं सांगितलं. पेटी व्हरांड्यात, फाटकाच्या वाटेवरच होती. रक्तानं ओली बाही त्यानं पात्याभोवती गुंडाळली, कारण पेटी उघडणाऱ्याचा हात कापला असता. टाकला, आणि मदतीला फाटकाकडे पळाला. तिथं त्याला एवढंच म्हणायचं होतं: गोली मागं पडलाय.

"गो... गो... इतकंच आलं," तो म्हणाला. "म-मग मारायला लागले."

"आणि नंतर? इतके दिवस का नाही बोललास, राजा?"

त्यानं गुडघ्यात मान घातली. "त्-तो म्हणाला... ब-बाबांना कळू देऊ नको. मी हो म्-म्हटलं होतं."

५

दुकानात सोफेवाले एका खुर्चीला नवं कापड चढवत होते. मुलगा गेल्यावरही माणूस रोज दुकान उघडत होता. हाताला काम नसेल तर हात काय करतील ह्याची त्यांना भीती वाटायची. कोपऱ्यात रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या होत्या. त्यात एक मरून होती.

"बाई, या. लोक जमणार आहेत आज चौकीपुढं. मी येतोच आहे. त्या मुक्याला फाशी झाल्याशिवाय..."

"बसा जरा, सोफेवाले."

"गोली काही बोलला का हो शेवटी? फार दुखलं असेल का त्याला?"

रोज हेच विचारायचे. बाई समोरच्या उघड्या सोफ्याच्या लाकडी कडेवर टेकल्या.

"तुम्ही रोज चौकीवर येता. कोण, कधी, कसं, सगळं विचारता. सुरा सापडला का, हे मात्र एकदाही विचारलं नाहीत."

हातातली हातोडी थांबली.

"सापडलाय," बाई म्हणाल्या. "फोम कापायचा सुरा आहे. मुठीला मरून रेक्झिन. दुहेरी टाका."

सोफेवाल्यांनी हातोडी हळूच खाली ठेवली, जणू खाली कुणी झोपलंय.

"लाकडी मूठ टोचली असती त्याला," ते म्हणाले. "ग्लोव्ह्ज घालून घालून तळहात अगदी मऊ झाले होते पोराचे. बसथांब्यावरचं ते झालं आणि मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. एकुलता एक. मी म्हटलं, जवळ असू दे. वापरू नकोस, नुसता असू दे. नको म्हणत होता. मी ओरडलो त्याच्यावर." त्यांनी बाईंचा हात धरला. "मुक्यानं हिसकावून घेतला ना? माझाच सुरा, तेवढं कळलंय मला. पण हिसकावला ना त्यानं? तेवढं सांगा."

"नाही," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. फाटक सोडून भिंत का, खिशाचं अस्तर, शर्ट, बाही. सोफेवाल्यांनी धरलेला हात सोडला. चेहरा मातीसारखा होत गेला.

"मी फाटकावर होतो," शेवटी ते म्हणाले. "ते पोर गो-गो करत होतं माझ्यासमोर. आम्ही धावलो त्याच्यामागं. सगळ्यांत पुढं मी होतो." त्यांनी वर पाहिलं. "तेव्हा गोली जिवंत होता?"

हा प्रश्न येणार हे बाईंना येतानाच ठाऊक होतं. त्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, लगेच नीट दाबून आणला असता तर कदाचित वाचला असता, कदाचित नसताही. ह्यातलं 'कदाचित नसताही' एवढंच सांगायचं, असं बाईंनी वाटेत ठरवलं होतं. पण समोरच्या माणसानं आयुष्यात पुन्हा कधी कुणावर विश्वास ठेवायचा असेल, तर तो आज खोट्यावर उभा राहू नये, असं त्यांना वाटलं.

"जिवंत होता," त्या म्हणाल्या. "वाचला असता की नाही, कुणालाच सांगता येणार नाही."

सोफेवाले उठले. तोंडावर पाणी मारलं, दुकान उघडंच टाकून चालू लागले. बाई मागोमाग.

चौकीपुढं ही गर्दी. फलक, घोषणा, हातात गोलीचे फोटो. सोफेवाले दिसताच लोकांनी वाट करून दिली. ते पायरीवर चढले.

"ऐका," ते म्हणाले. "सुरा माझा होता. मीच दिला होता त्याला. तो टाकायला निघाला होता. त्या पोरानं त्याला वाचवायला बघितलं. आणि आपण त्या पोरालाच मारलं. ऐकताय का? कुणी खून केलेला नाही."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "पोलिसांनी दम दिलाय त्यांना!"

"पोराच्या दुःखानं भ्रमिष्ट झालाय बिचारा," एक बाई डोळे पुसत म्हणाली.

"नाही हो, खरंच..." सोफेवाले म्हणत राहिले. पण चौघांनी त्यांना प्रेमानं कवेत घेतलं, पाठ थोपटली, कुणी पाणी आणलं, कुणी रिक्षा. घरी पोचवायला निघाले. रिक्षा वळली तरी त्यांचा हात बाहेर हलत होता, थांबा, थांबा म्हणत. आणि मागं घोषणा पुन्हा सुरू झाल्या होत्या, आधीपेक्षा मोठ्यानं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता, आणि तेच लोकांना सोसवत नव्हतं.

६

तपास संपला. अपघाती मृत्यू, असं बाईंनी लिहिलं, आणि सुरा कुणी दिला तेही लिहिलं. सोफेवाल्यांनीच तसा जबाब दिला होता. पुढचं कोर्टाचं. समितीच्या लोकांवर मारहाणीचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा गावानं बाईंशी बोलणं टाकलं. मुका सुटला. त्याची चित्रफीत मात्र फिरतच राहिली.

पाळणाघरात एकही मूल परत आलं नाही. मुक्याच्या आईनं महिनाभर वाट पाहिली आणि मग दुसऱ्या गावी बहिणीकडे जायचं ठरवलं. कुणी दगड मारू नये म्हणून त्या सकाळी फौजदारबाई स्वतः येऊन दारात उभ्या राहिल्या. टेम्पोत गाद्या चढल्या, भांडी चढली, छोटे छोटे पाळणे एकावर एक रचून झाले. शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद होत्या.

गल्लीच्या टोकाकडून सोफेवाले येताना दिसले. दाढी वाढलेली. ते थेट घरात शिरले. घरात फक्त लोखंडी कपाट उरलं होतं. त्यांनी वाकून त्याची एक बाजू धरली.

"ठेवा खाली," मुक्याची आई म्हणाली. आवाज चढला नाही. "आमचं आम्ही उचलू."

सोफेवाल्यांनी कपाट सोडलं. पण हलले नाहीत. दोन्ही हात तसेच पुढं धरून उभे राहिले. आता जावं की थांबावं, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

मुका टेम्पोतून खाली उतरला. आईकडे पाहिलं, सोफेवाल्यांकडे पाहिलं. मग कपाटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्यानं खाली हात घातला आणि थांबला.

सोफेवाल्यांनी आपली बाजू पुन्हा धरली. कपाट जड होतं. दारातून काढताना दोघांनाही तिरकं व्हावं लागलं.